दुर्बिणीची तपासणी आणि आपलं घर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात वंध्यत्वाचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. याचं उत्तर साधं आहे. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या सुनेला 'अजून काही नाही का?' हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा याच दिवसांत विचारला जातो, कारण नातेवाईक याच दिवसांत जमतात. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला तिची ओटी भरताना कुणीतरी आशीर्वाद देतं, कुणी सुस्कारा टाकतं, कुणी एखाद्या बाबांचा पत्ता देतं. प्रश्न जर मांडवात विचारला जात असेल तर त्याबद्दलची खरी माहितीही मांडवातच द्यायला हरकत नाही.

आम्ही कोण, हे आधी सांगतो. आम्ही सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आहोत. डॉक्टर नाही, डिप्लोमावाले. दुर्बीण निर्जंतुक करून ठेवणं, कॅमेरा आणि प्रकाशाची केबल जोडणं, गॅसचा दाब लावून देणं, मॉनिटरवर चित्र नीट येतंय की नाही हे बघणं, ही आमची कामं. त्यामुळे आम्ही औषध सुचवणार नाही. पण दुर्बीण आत गेल्यावर काय दिसतं आणि थिएटरच्या बाहेर बाकावर बसलेली माणसं काय बोलतात, या दोन्ही गोष्टी आमच्या रोजच्या आहेत. त्याच दोन गोष्टींबद्दल बोलतो.

तपासणी कधी आणि कुणाची

एक वर्षभर नियमित संबंध असून, गर्भनिरोधक न वापरता दिवस राहिले नाहीत, तर त्याला वैद्यकात वंध्यत्व म्हणतात. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर थांबायचं नाही, सहा महिन्यांत डॉक्टरांकडे जायचं. पाळी अजिबात अनियमित असेल किंवा पूर्वी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर त्याहून लवकर. हा काही दुर्मिळ प्रकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. या मांडवातल्या खुर्च्या मोजून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

आता पहिली तपासणी कुणाची? आपल्याकडे सूनबाईंना घेऊन सासूबाई येतात. फाइल जाडजूड झालेली असते. सोनोग्राफी चार वेळा, रक्ताच्या तपासण्या तीन वेळा, एखादं क्युरेटिंगसुद्धा झालेलं असतं. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? ती झालेलीच नसते. 'त्याला काय झालंय, तो चांगला धडधाकट आहे,' असं सांगतात. धडधाकट असण्याचा आणि शुक्रजंतूंच्या संख्येचा काही संबंध नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीनं सापडतं. ही तपासणी सगळ्यात सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता एक नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. २०२१ च्या जागतिक मानकाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. एक रिपोर्ट कमी आला म्हणून घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी तो पुन्हा करतात. पण हा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाईला थिएटरच्या टेबलावर झोपवणं हे उलट्या टोकानं सुरुवात करणं आहे.

आत बघणं अवघड का आहे

स्त्रीच्या ओटीपोटात मध्ये गर्भाशय असतं, साधारण एका छोट्या पेरूएवढं. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गर्भनलिका. प्रत्येक नळी सुमारे दहा सेंटिमीटर लांब. गर्भाशयाजवळ तिचं आतलं छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि दुसऱ्या टोकाला ती झालरीसारखी पसरते. ही झालर अंडाशयातून सुटलेलं बीज उचलून घेते. बीज आणि शुक्रजंतू भेटतात ते याच नळीत.

साध्या सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, अंडाशय दिसतात, गाठी दिसतात. पण निरोगी गर्भनलिका सहसा दिसत नाही. नळी पाण्यानं फुगली असेल तरच तिची आकृती उमटते. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग सगळं नॉर्मल आहे' असं म्हणता येत नाही. नळी उघडी आहे का, तिची झालर मोकळी आहे का, आजूबाजूला चिकटलेलं काही आहे का, हे प्रश्न उरतातच.

नळी उघडी आहे का, हे बघायचा जुना मार्ग एक्स-रेचा. त्याला एच.एस.जी. म्हणतात. पाळी संपल्यावर पहिल्या दहा दिवसांत गर्भाशयाच्या तोंडातून एक औषध आत सोडतात आणि एक्स-रे काढतात. औषध नळ्यांतून पोटात सांडलेलं दिसलं की नळ्या उघड्या. थोडं दुखतं, पाळीत दुखतं तसं, पण भूल लागत नाही. यातली एक मजेची गोष्ट म्हणजे ही तपासणी कधीकधी स्वतःच उपचार ठरते. नेदरलँड्समध्ये १,११९ बायकांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेलावर आधारलेलं औषध वापरलं तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत ३९.७ टक्के बायकांना दिवस राहून टिकले, पाण्यावर आधारलेल्या औषधात २९.१ टक्के.

दुसरा मार्ग सोनोग्राफीचाच, पण सलाइन सोडून. गर्भाशयात छोट्या फुग्याची नळी बसवतात, म्हणजे पाणी उलटं बाहेर येत नाही, आणि सलाइन हळूहळू सोडून ते पोटात कुठे वाहतं हे पडद्यावर बघतात. या पद्धतीला 'सायन टेस्ट' असं नाव आहे, मुंबईच्या आपल्या सायन हॉस्पिटलवरून. एक्स-रेचे किरण नाहीत, खर्च कमी आणि बाई तासाभरात घरी.

या तपासण्यांची एक मर्यादा लक्षात ठेवा. औषध सोडताना दुखलं, बाई घाबरली, की नळीचं तोंड आवळून धरलं जातं आणि नळी बंद असल्यासारखी दिसते. म्हणून 'दोन्ही नळ्या बंद' असा रिपोर्ट आला की लगेच रडारड करायची नाही. तिथेच दुर्बिणीची गरज लागते.

दुर्बीण आली कुठून

आपल्याकडे 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की जुन्या माणसांना कुटुंबनियोजनाचं शिबिर आठवतं. या देशातल्या लाखो बायकांनी लॅपरोस्कोप पाहिला तो मुलं थांबवण्यासाठी. पण पोटातली दुर्बीण स्त्रीरोगशास्त्रात रुजली ती मूल का होत नाही हे शोधण्यासाठी, हे फार थोड्यांना माहीत असतं.

१९०१ साली जर्मनीत गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बीण घातली. १९१० साली स्वीडनच्या याकोबेउस यांनी माणसाच्या पोटात. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये राऊल पामर यांनी वंध्यत्वाच्या तपासणीसाठी ती नेमानं वापरायला सुरुवात केली. टेबल डोक्याच्या बाजूनं खाली झुकवलं की आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं, हे त्यांनी पाहिलं. आजही आम्ही रोज टेबल तसंच झुकवतो.

पोटात गॅस भरायची जी सुई आमच्या ट्रेमध्ये असते, तिला व्हेरेस सुई म्हणतात. हंगेरीच्या यानोश व्हेरेस या डॉक्टरांनी ती १९३० च्या दशकात बनवली ती पोटासाठी नव्हे, क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी. तेव्हा क्षयाची औषधं नव्हती, फुप्फुस दाबून ठेवणं हा एक इलाज होता. सुईच्या आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट दांडी असते. सुई पोकळीत शिरली की दांडी टचकन पुढे येते आणि टोक बोथट होतं, त्यामुळे आतल्या अवयवाला इजा व्हायची शक्यता कमी होते. आज तीच सुई वापरून आम्ही ज्या बायकांच्या पोटात बघतो, त्यांच्यातल्या काहींच्या नळ्यांत क्षयच सापडतो. त्याबद्दल पुढे बोलतो.

नंतर इंग्लंडचे हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांची नवी रचना शोधली, प्रकाश बाहेरून केबलनं आत नेण्याची सोय झाली, आणि १९६० नंतर चित्र स्वच्छ दिसू लागलं. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमचे पॅट्रिक स्टेप्टो यांनी याच दुर्बिणीतून स्त्रीबीज बाहेर काढलं आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांच्याबरोबर केलेल्या त्या कामातून २५ जुलै १९७८ ला पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. त्या बाळाच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून असं बाळ जन्मलं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल.

त्या दिवशी काय होतं

लॅपरोस्कोपी पाळी संपल्यावर काही दिवसांत ठेवतात, म्हणजे नकळत दिवस राहिलेले असण्याचा धोका नसतो. आदल्या रात्रीपासून उपाशी. पूर्ण भूल देतात. बेंबीत एक छोटा छेद घेऊन व्हेरेस सुईनं कार्बन डायऑक्साइड भरतात. कार्बन डायऑक्साइडच का? तो जळत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. पोट भाकरीसारखं फुगतं. मग साधारण पाच ते दहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण बेंबीतून आत जाते आणि खाली बाजूला आणखी एक-दोन बारीक छेद, अवयव हलवून बघायला. आत गॅसचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरवर ठेवतात. त्या आकड्यावर आमची नजर असते.

मग महत्त्वाचा भाग. खालून गर्भाशयाच्या तोंडातून निळा रंग सोडतात, मेथिलिन ब्ल्यू. सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. नळी उघडी असेल तर झालरीतून निळं पाणी ठिबकताना दिसतं. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. एक्स-रेवर बंद दिसलेली नळी भुलेखाली मोकळी निघाल्याचं आम्ही अनेकदा पाहिलं आहे. ऑपरेशननंतर एखादा दिवस लघवी हिरवट-निळी होते, त्याला घाबरू नका, तो हाच रंग. खांदा दुखतो, त्यालाही घाबरू नका. उरलेला गॅस श्वासपटलाला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, दोन-तीन दिवसांत थांबतं.

दुर्बिणीत नळीखेरीज आणखी बरंच दिसतं. एक म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, पोटाच्या पडद्यावर, अंडाशयावर वाढतात. कुठे काळे ठिपके, कुठे लाल, कुठे चॉकलेटी रंगाच्या रक्ताची गाठ. मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा आजार असतो असं मानतात. गाठ सोनोग्राफीत दिसते, पण बारीक ठिपके दिसत नाहीत. ज्या मुलीला पाळीत इतकं दुखतं की ती कॉलेज बुडवते, तिला आपण काय सांगतो? 'लग्न झालं की थांबेल.' लग्न होतं, दुखणं थांबत नाही, मूल होत नाही, आणि मग आम्ही मॉनिटरवर ते ठिपके बघतो. मुलीचं दुखणं वेळेवर डॉक्टरांपर्यंत नेणं हे आईचं काम आहे, आणि वडिलांचंही.

दुसरं म्हणजे चिकटलेले पडदे. जुना संसर्ग, फुटलेलं अपेंडिक्स किंवा आधीचं ऑपरेशन यामुळे नळी आणि अंडाशय कोळ्याच्या जाळ्यासारख्या पडद्यांनी बांधले जातात. नळी उघडी असूनही झालर बीज उचलू शकत नाही. पातळ पडदे त्याच वेळी कापून मोकळे करता येतात.

तिसरा क्षय. आपल्या देशात ही मोठी गोष्ट आहे. क्षय फक्त खोकल्याचा नसतो. जंतू पूर्वी कधीतरी फुप्फुसातून रक्तावाटे येऊन नळ्यांत बसतात. खोकला नाही, ताप नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, आणि बाई वर्षानुवर्षं मुलासाठी उपास करत असते. दुर्बिणीत नळीवर पांढरे-पिवळे दाणे दिसतात, नळी मण्यांच्या माळेसारखी गाठीगाठींची होते, कधी यकृताजवळही पडदे चिकटलेले सापडतात. तिथून तुकडा घेऊन तपासायला पाठवतात. नुसत्या एका रक्ततपासणीवर जननसंस्थेचा क्षय ठरवत नाहीत. ठरला तर औषधं साधारण सहा महिन्यांची, आणि ती सरकारी केंद्रावर मोफत मिळतात. फार खराब झालेल्या नळ्या औषधानं पूर्ववत होत नाहीत, हे खरं. पण गर्भाशयाचं अस्तर शाबूत असेल तर टेस्ट ट्यूबचा मार्ग उरतो. म्हणूनच लवकर कळणं महत्त्वाचं.

छेद न घेता बघणं

गर्भाशयाच्या आत बघायला पोटावर छेदच लागत नाही. हिस्टरोस्कोप नावाची बारीक दुर्बीण योनीमार्गातून गर्भाशयाच्या तोंडातून थेट आत जाते. सलाइननं पोकळी फुगवतात आणि आत मस्सा आहे का, पडदा आहे का, अस्तर चिकटलंय का ते दिसतं. १९८० च्या आसपासच्या दुर्बिणी जाड होत्या, भूल लागायची. आता तीन मिलिमीटरच्या आसपासच्या आहेत. इटलीच्या स्तेफानो बेत्तोक्की यांनी अशी पद्धत रूढ केली की स्पेक्युलमही लावायचं नाही आणि गर्भाशयाचं तोंड चिमट्यानं धरायचंही नाही. पाण्याच्या धारेबरोबर दुर्बीण अलगद आत जाते. बाई जागी असते, पडद्यावर स्वतः बघू शकते, आणि पाऊण तासात उठून घरी जाते.

आणखी एक पद्धत आहे, ती अजून सगळीकडे मिळत नाही, पण ऐकून ठेवा. तिचं नाव ट्रान्सव्हजायनल हायड्रोलॅपरोस्कोपी. बेल्जियमच्या स्तेफान गोर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९८ साली मांडली. पोटावर छेद नाही, गॅस नाही. योनीमार्गाच्या मागच्या भागातून एक सुई ओटीपोटात घालतात, कोमट सलाइन सोडतात आणि त्यातून तीन-चार मिलिमीटरची दुर्बीण नेतात. जागेपुरती भूल चालते. पाण्यात नळीची झालर तळ्यातल्या शेवाळासारखी मोकळी तरंगते. गॅसच्या दाबाखाली बारीक पडदे चपटे होऊन नजरेतून निसटतात, पाण्यात ते हलताना दिसतात. हा तिचा मोठा फायदा.

पण ती प्रत्येकीला चालत नाही. गर्भाशय मागे वळून चिकटलेलं असेल, गर्भाशय आणि गुदाशयामधली जागा बुजलेली असेल, तर सुई गुदाशयाला लागू शकते. ३,६६७ तपासण्यांचा आढावा २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात २४ वेळा आतड्याला इजा झाली होती. त्यातल्या बहुतेक ऑपरेशनशिवाय बऱ्या झाल्या. म्हणून ही तपासणी ज्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडेच करायची, आणि आधी हातानं आणि सोनोग्राफीनं नीट तपासून.

सगळ्यांनाच दुर्बीण नको

दुर्बीण आमच्या पोटापाण्याचं साधन आहे, तरी हे सांगतो. छेद छोटा म्हणजे ऑपरेशन छोटं असं नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं रुग्णांना द्यायच्या माहितीत लिहिलं आहे की तपासणीच्या लॅपरोस्कोपीत हजारात सुमारे दोघींना गंभीर इजा होऊ शकते, आतडं, मूत्राशय किंवा मोठी रक्तवाहिनी. आकडा लहान आहे, शून्य नाही.

त्यामुळे जगभरात कल बदलतो आहे. २०२२ साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की एंडोमेट्रिऑसिस ओळखण्यासाठी आता आधी सोनोग्राफी आणि एम.आर.आय., त्यात काही दिसलं नाही किंवा औषधांचा उपयोग झाला नाही तरच दुर्बीण. २०१६ साली दोन मोठे अभ्यास आले. सोनोग्राफी चांगली असताना टेस्ट ट्यूबच्या आधी सरसकट हिस्टरोस्कोपी केल्यानं बाळ होण्याचं प्रमाण वाढत नाही, असं दोन्हींत दिसलं. म्हणून कुणी 'पॅकेजमध्ये दोन्ही दुर्बिणी करून टाकू' म्हणालं तर शांतपणे विचारायचं: यातून काय कळणार आहे? जे कळेल त्यानं पुढचा उपचार बदलणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर पुन्हा विचार करा. नवऱ्याचे शुक्रजंतू इतके कमी आहेत की टेस्ट ट्यूबशिवाय मार्ग नाही, तर बायकोच्या नळ्यांत निळा रंग सोडून काय मिळवायचं?

सही कुणाची

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा. संमतीपत्रावर सही कुणाची?

अनेक घरांत कागद नवऱ्यापुढे किंवा सासऱ्यांपुढे जातो. बाई शेजारी बसलेली असते, वाचता-लिहिता येणारी, नोकरी करणारी. तिला कुणी विचारत नाही. कायदा स्पष्ट आहे: सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शरीराबद्दल सही तिचीच. १६ जानेवारी २००८ ला सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला, तो नेमका याच विषयाचा आहे. एका अविवाहित बाईंची लॅपरोस्कोपी चालू होती. त्या भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन त्यांचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले गेले. कोर्टानं म्हटलं, तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. जीव धोक्यात नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. आणि रुग्ण स्वतः सज्ञान असताना आईची सही चालत नाही.

म्हणून संमतीपत्र वाचा. हिंदीत असेल, इंग्रजीत असेल, समजलं नाही तर समजावून मागा. दुर्बीण घातल्यावर काही सापडलं तर त्याच वेळी काय काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधी लिहून घ्या. तपासताना सोबत बाई कर्मचारी हवी असेल तर सांगा, हा तुमचा हक्क आहे, यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. थिएटरमध्ये पुरुष असतात, आम्हीही असतो. अंगावर चादर असते आणि जेवढा भाग लागतो तेवढाच उघडा असतो. दुर्बिणीचे फोटो किंवा व्हिडिओ आणि रिपोर्ट मागून घ्या. कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. ही फाइल हातात असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर पोटात पुन्हा सुई घालावी लागत नाही.

आता बाकावरच्या माणसांबद्दल. थिएटरचं दार उघडलं की आम्हाला हमखास विचारतात, 'काय निघालं हो? दोष कुणाचा?' आम्ही काही सांगत नाही. नियम आहे म्हणून, आणि दुसरंही कारण आहे. आम्ही इतकी वर्षं तो मॉनिटर बघतोय. त्यावर नळी दिसते, पडदा दिसतो, दाणे दिसतात, निळं पाणी दिसतं. दोष नावाची वस्तू कधी दिसलेली नाही. नळी बंद असणं हे चष्मा लागण्यासारखं आहे. तिनं काही केलेलं नसतं आणि तिच्या माहेरच्यांनीही काही लपवलेलं नसतं.

आणि असंही होतं की दोघांच्याही सगळ्या तपासण्या होतात, दुर्बीणही होते, आणि काहीच सापडत नाही. तेव्हा तरी घरात म्हणावं, काही नाही निघालं, बरं झालं. पण बऱ्याचदा ऐकू येतं, 'मग होत का नाही?' त्या वेळी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. काही न सापडलेल्या जोडप्यांपैकी अनेकांना पुढे काही काळात आपोआप दिवस राहतात, हे लक्षात ठेवा आणि तिला श्वास घेऊ द्या.

नेहमी येणारे काही प्रश्न

'दुर्बीण घातली की नळी फाटते का?' नाही. नळीत दुर्बीण जातच नाही, फक्त रंग जातो.

'ऑपरेशननंतर किती दिवस आराम?' साधारण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुट्टी होते. हलकी कामं दोन-तीन दिवसांनी, पूर्ण काम आठवड्याभरात. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, उलट्या किंवा लघवी अडकणं यातलं काही झालं तर वाट न बघता त्याच रुग्णालयात परत जायचं.

'डॉक्टर आधी नवऱ्याची तपासणी सांगतात, तो ऐकत नाही.' तर वहिनी, फाइल त्याच्या हातात द्या आणि सांगा की पुढचं पान त्याचं आहे.

आमचं मागणं फार मोठं नाही. या दिवसांत घरी येणाऱ्या सुनेला, भाचीला 'अजून काही नाही का?' असं विचारण्याआधी थांबा. विचारायचंच असेल तर नवऱ्याला विचारा, 'तुझी तपासणी झाली का?' आणि ओटी भरताना प्रत्येकीची सारख्याच मायेनं भरा, तिला मूल असो, नसो. दुर्बीण आतलं दाखवेल. पण ती घालण्याआधी आणि काढल्यानंतर त्या बाईला सांभाळायचं काम घराचंच आहे.



गणपती बाप्पा मोरया!